हाताने घडविलेला शब्द : वाचनात मागे राहिलेल्या बालकांसाठी अल्पखर्ची शब्दनिर्मिती-उपक्रम

गोषवारा

प्राथमिक शाळेत वाचनात मागे राहिलेले मूल पुष्कळदा मूळाक्षरांपाशी अडलेले नसते, तर व्यंजन व स्वरचिन्ह यांच्या जोडणीपाशी अडलेले असते. देवनागरी लिपीचे हे वैशिष्ट्य ध्यानात घेऊन, टाकाऊ व सहज उपलब्ध साहित्यातून करता येणाऱ्या सहा शब्दनिर्मिती-उपक्रमांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उपक्रमांचा क्रम, तासिकेचे नियोजन, मूल्यमापन व मर्यादा यांचा विचार करून शेवटी महाविद्यालयांनी या कामी कोणता वाटा उचलावा, हे मांडले आहे.

बीजसंज्ञा : प्रारंभिक वाचन, अक्षर, स्वरचिन्ह, शब्दनिर्मिती, अल्पखर्ची शैक्षणिक साहित्य

१. प्रास्ताविक

इयत्ता तिसरीच्या वर्गातील एक दृश्य बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचे आहे. एक मुलगा उभा राहून धडा खड्या आवाजात 'वाचतो'. एकही शब्द चुकत नाही. शिक्षक जवळ जाऊन त्याच धड्याच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवतात आणि एवढाच शब्द वाचावयास सांगतात. मुलगा क्षणभर थांबतो, मग मनातल्या मनात धडा पहिल्यापासून म्हणू लागतो आणि त्या शब्दापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करतो. त्याने धडा वाचलेला नसतो, तो पाठ केलेला असतो. हे मूल आळशी नाही व मंदबुद्धीचेही नाही. उलट, न वाचता वाचल्याचा आभास निर्माण करण्यासाठी त्याने आपल्या स्मरणशक्तीचा असामान्य उपयोग केलेला असतो. मात्र पाठांतराची ही वाट चौथी-पाचवीत बंद होते. इतिहास, भूगोल, विज्ञान, गणितातील शाब्दिक उदाहरणे या सर्वांचे दार वाचनातूनच उघडते, आणि ज्याला ते उघडता येत नाही ते मूल वर्गात बसूनही शाळेबाहेर राहते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान यांस अग्रक्रम देण्यात आला. त्यास अनुसरून ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने इयत्ता तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक बालकास अर्थपूर्ण वाचन करता यावे, असे उद्दिष्ट २०२६–२७ या वर्षापर्यंत ठेवले. धोरण निश्चित झाले तरी एका विशिष्ट मुलाला 'मूळ' हा शब्द वाचता यावा यासाठी सोमवारी सकाळी वर्गात नेमके काय करावयाचे, हा प्रश्न शिक्षकापुढे शिल्लक राहतोच. प्रस्तुत लेख त्या प्रश्नापुरता मर्यादित आहे.

२. अडचणीचे स्थान : अक्षर की जोडणी?

इंग्रजीसारख्या रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांत स्वर व व्यंजने स्वतंत्र चिन्हांनी एकापुढे एक लिहिली जातात. देवनागरीची रचना निराळी आहे. तिचा घटक 'अक्षर' हा आहे. प्रत्येक व्यंजनचिन्हात 'अ' गृहीत धरलेला असतो आणि अन्य स्वर व्यंजनाच्या उजवीकडे, डावीकडे, वर वा खाली चिन्हरूपाने जोडले जातात. मराठीतील ३४ व्यंजनांची पारंपरिक बाराखडी मांडल्यास ४०८ अक्षररूपे तयार होतात. जे मूल ही सर्व रूपे सुटी चित्रे म्हणून पाठ करू पाहते, त्याच्यापुढे ४०८ आकृत्यांचा ढीग असतो. ज्या मुलास जोडणीचे तत्त्व उमगले, त्याच्यापुढे ३४ व्यंजने व ११ चिन्हे, म्हणजे अवघे ४५ घटक असतात. या दोन मुलांमधील अंतर हे बुद्धीचे अंतर नव्हे. तत्त्व दाखविले गेले की नाही, एवढेच ते अंतर आहे.

याखेरीज मराठी वाचनारंभात आणखी काही अडसर आहेत. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार व्यंजनानंतर होतो. शब्दाच्या शेवटचा 'अ' लिहिण्यात असतो, बोलण्यात बहुधा नसतो. 'घर' या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात, कानांना मात्र एकच आघात ऐकू येतो. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' लेखनात एक असून उच्चारात दोन आहेत. 'र' तर क्र, ट्र, र्क, ऱ्य अशी नाना रूपे धारण करतो.

या साऱ्यास वेळ लागतो, हे संशोधनानेही दाखविले आहे. कन्नड लिपीची रचनाही अक्षरप्रधान आहे. कन्नड मुलांच्या प्रारंभिक वाचनाविषयीच्या सोनाली नाग यांच्या अभ्यासातून (२००७) असे दिसले की अक्षररूपांचे ज्ञान पहिल्या वर्षात पूर्ण होत नाही. ते पुढील इयत्तांमध्येही चालू राहते. आपल्याकडे मात्र मूळाक्षरे व बाराखडी पहिलीतच 'संपविण्याची' प्रथा आहे. ज्या मुलाची वर्षअखेरीस दोन महिने गैरहजेरी झाली, त्याची नेमकी स्वरचिन्हे सुटतात आणि पुढे कोणीही मागे वळून पाहत नाही. दिवाळीच्या सुमारास आईवडिलांसोबत ऊसतोडीला जाणाऱ्या आणि उन्हाळ्याच्या तोंडी परतणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे दरवर्षी घडते.

३. शब्दनिर्मितीची संकल्पना व तिची परंपरा

मुलाच्या हाती सुटी चिन्हे देऊन त्यास शब्द जुळवावयास, मोडावयास व पुन्हा जुळवावयास लावणे, यास येथे शब्दनिर्मिती म्हटले आहे. ही कल्पना नवी नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे सुरू केलेल्या बालगृहातून खरखरीत कागदाची अक्षरे व हलविता येणारी सुटी वर्णमाला पुढे आली. हात लिहिण्यास तयार होण्यापूर्वीच मूल अक्षरे मांडून शब्द 'लिहू' शकते, हे त्यामागील मर्म होते. अमेरिकेत पॅट्रिशिया व जेम्स कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये 'मेकिंग वर्ड्स' या नावाने एक कृती मांडली. तीत मुलांना मोजकी अक्षरे देऊन प्रथम लहान, मग मोठे आणि अखेरीस सर्व अक्षरे वापरून एक मोठा शब्द घडविण्यास सांगितले जाते.

महाराष्ट्रात या विचारास स्वतःची परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड येथे नेण्यात आले. माँटेसरी पद्धतीचे महागडे साहित्य आदिवासी व ग्रामीण भागात परवडणारे नव्हते, म्हणून दगडगोटे, बिया, शिंपले, पाने अशा परिसरातील वस्तूंना त्यांनी शैक्षणिक साहित्याचे रूप दिले. साहित्य स्वस्त असणे ही त्यांच्या दृष्टीने तडजोड नव्हती. मुलाच्या ओळखीची वस्तू त्यास भिववीत नाही, हा तिचा शैक्षणिक गुण होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इंग्रजीसाठी तयार केलेल्या कृती जशाच्या तशा मराठीत आणल्यास फसगत होते. रोमन लिपीत प्रत्येक वर्णास एक ठोकळा पुरतो. मराठीत 'कि' या अक्षराचा एकच ठोकळा दिला तर जोडणीचे तत्त्व झाकलेलेच राहते. उलट व्यंजन व स्वरचिन्ह वेगळे दिले तर चिन्ह नेमके कोठे बसवावयाचे, हा प्रश्न येतो. पुढील उपक्रमांची आखणी हा प्रश्न समोर ठेवून केली आहे.

४. साहित्य

पुढील वस्तू कोणत्याही गावात विनामूल्य वा नाममात्र खर्चात मिळतात : जुन्या लग्नपत्रिका व खोक्यांचे पुठ्ठे, भिंतीवरील दिनदर्शिकेची मागील कोरी बाजू, चिंचोके, नव्या सदऱ्याच्या वेष्टनातील जाड पारदर्शक प्लास्टिक, काड्यापेट्या, खडू आणि न पुसली जाणारी शाई असलेले एक पेन. अक्षरे किमान दोन बोटे उंचीची, एकाच वळणाची व शिरोरेषेसह असावीत. व्यंजने काळ्या आणि स्वरचिन्हे लाल रंगात लिहिल्यास जोडणी चटकन डोळ्यांत भरते. एका मुलाचा संपूर्ण संच एका काड्यापेटीत अथवा कापडी पिशवीत मावावा. स्थलांतर करणाऱ्या मुलास तो बरोबर नेता येतो, आणि साहित्य अल्पखर्ची असण्याचा हा सर्वांत मोठा लाभ आहे. कपाटात कुलूपबंद राहणारे महाग साहित्य मुलाबरोबर फडावर जाऊ शकत नाही.

५. सहा उपक्रम

५.१ चिंचोक्यांची घरे. रशियन मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांनी शब्दांतील ध्वनी ओळखण्यासाठी चौकटी व सोंगट्यांचा वापर सुचविला होता. त्याचे हे मराठी रूप होय. फरशीवर खडूने तीन-चार घरे आखावीत. शिक्षकाने शब्द उच्चारावा आणि मुलाने प्रत्येक अक्षरागणिक एक चिंचोका घरात सरकवावा. 'आंबा' या शब्दास दोन घरे लागतात. 'कमळ' म्हणताना सहज बोलण्यात टाळ्या दोनच पडतात, 'क–मळ'. लिहिताना मात्र घरे तीन लागतात. हा फरक मुलास हाताने अनुभवू द्यावा. त्यानंतर 'मा' आणि 'मी' यांत सारखे काय व निराळे काय, असे विचारावे. या कृतीत एकही लिखित अक्षर नसते, म्हणून वाचनाची धास्ती घेतलेले मूलही निःसंकोच सहभागी होते.

५.२ पारदर्शक स्वरचिन्हे. पुठ्ठ्याच्या चौकोनी पत्त्यावर मध्यभागी व्यंजन लिहावे. त्याच मापाच्या पारदर्शक तुकड्यावर केवळ स्वरचिन्ह, त्याच्या योग्य जागी, लिहावे. काना व दुसरी वेलांटी उजवीकडे, पहिली वेलांटी डावीकडे, मात्रा वर, उकार खाली. तुकडा पत्त्यावर ठेवताच 'म' चा 'मे' होतो, उचलताच पुन्हा 'म' राहतो. तोच तुकडा 'क' वर, 'त' वर, 'स' वर ठेवून पाहावा. एकच चिन्ह सर्व व्यंजनांवर तेच काम करते, हे बाराखडी शंभर वेळा घोकून जे उमगत नाही ते मुलास येथे काही मिनिटांत दिसते. पहिल्या वेलांटीबाबत एक शिस्त पाळावी : आधी व्यंजन मांडावे, मग वेलांटी ठेवावी, मगच वाचावे. मांडण्याचा क्रम हाच उच्चाराचा क्रम असल्याने डावीकडील चिन्हाचा घोटाळा कमी होतो.

५.३ एक बदल, नवा शब्द. या उपक्रमात प्रत्येक वेळी एकच पत्ता बदलून नवा शब्द घडवावयाचा असतो. प्रथम केवळ स्वरचिन्ह बदलावे : मळ – माळ – मूळ – मेळ. नंतर केवळ व्यंजन बदलावे : काम – कान – पान – पाल – माल – माळ. प्रत्येक टप्प्यावर मुलाने तीन गोष्टी सांगाव्यात : कोणता पत्ता बदलला, कोठे बदलला आणि आता शब्द कोणता झाला. अंदाजाने वाचणाऱ्या मुलांसाठी हा उपक्रम विशेष उपयुक्त आहे. अशी मुले शब्दाचे पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द ठोकून देतात. येथे दोन शब्दांत एकाच चिन्हाचा भेद असल्याने प्रत्येक चिन्हाकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नसते. मुलाने चुकीचा पत्ता ठेवला तर 'चूक' असे न म्हणता, 'तू काय मांडले आहेस ते वाच बरे' असे सांगावे. बहुतेक वेळा मूल स्वतःच हात पुढे करून पत्ता बदलते.

५.४ दडलेला शब्द. कनिंगहॅम यांच्या कृतीचे हे देवनागरीसाठी केलेले रूपांतर आहे. त्यासाठी काना असलेला मोठा शब्द सोयीचा ठरतो, कारण काना स्वतंत्र उभ्या पट्टीच्या रूपात देता येतो. मुलांना क, र, ख, न ही चार व्यंजने आणि तीन काने द्यावेत. प्रथम दोन पत्त्यांचे शब्द : नर, नख. मग तीन पत्त्यांचे : कान, नाक, राख, खार, रान. मग चार पत्त्यांचे : नाका, काना. शेवटी सातही पत्ते वापरून कोणता शब्द होतो, हे शोधण्यास सांगावे : कारखाना. दुसरा संच प, व, स, ळ व तीन काने असा घेता येईल. त्यातून पाव, साप, वास, पसा, पळस, सावळा असे करीत मुले 'पावसाळा' या शब्दापर्यंत पोहोचतात. मिळालेले शब्द फळ्यावर लिहून त्यांची वर्गवारी करावी : 'न' ने संपणारे कोणते, सजीवांची नावे कोणती, दोन काने असलेले कोणते. येथे मागे राहिलेल्या मुलाच्या वाट्यास 'नख' येतो, पुढच्या मुलाच्या वाट्यास 'सावळा' येतो. दोघेही एकाच खेळात असतात व कोणाचीही पाटी कोरी राहत नाही.

५.५ दुमडणारे जोडाक्षर. त, न, प, म, ब, स, ग, व अशा व्यंजनांच्या उजवीकडे उभा दंड असतो. पत्त्यावर अक्षर असे लिहावे की तो दंड पत्त्याच्या उजव्या कडेच्या पट्टीवर येईल. ती पट्टी मागे दुमडली की दंड नाहीसा होऊन अक्षर अर्धे होते. त्यास पुढील पत्ता खेटून ठेवावा : 'स' दुमडून 'त' जोडला की 'स्त', 'प' दुमडून 'त' जोडला की 'प्त', 'ब' दुमडून 'द' जोडला की 'ब्द'. मग वस्ती, सप्तमी, शब्द असे शब्द घडवावेत. अर्धे अक्षर म्हणजे नवे अक्षर नव्हे, ओळखीच्याच अक्षराने आपला 'अ' टाकून पुढच्याचा हात धरला आहे, हे दुमडण्याच्या कृतीतून पटते. ट, ठ, ड, द, ह या दंड नसलेल्या अक्षरांसाठी पाय मोडून लिहिलेले पत्ते वेगळे करावेत. रफारासाठी ५.२ मधील पारदर्शक तुकडा वापरावा. जोडाक्षरांना हात घालण्यापूर्वी स्वरचिन्हे पक्की झालेली असावीत.

५.६ शब्दाची शेपटी. तिसरी-चौथीतील अनेक मुले सुटे शब्द वाचतात आणि वाक्यात अडखळतात. याचे एक कारण मराठीच्या प्रकृतीत आहे. आपली भाषा शब्दास प्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून लांबवीत जाते : घर, घरात, घरातला, घरातल्यासारखा. लांबच लांब एक पट्टी घेऊन तिच्या आरंभी मूळ शब्द लिहावा व पुढील घड्या उलगडत जातील तसे प्रत्यय समोर यावेत. प्रथम झाड – झाडावर, घर – घरात असे सोपे शब्द घ्यावेत. नंतर सामान्यरूपात बदलणारे शब्द घ्यावेत : शाळा – शाळेत, पाणी – पाण्यात, विहीर – विहिरीत. 'पाणी' मधील दीर्घ वेलांटी जाऊन 'ण्या' हे जोडाक्षर कसे आले, हे घडी उलगडताना दाखवावे. लांब शब्द म्हणजे ओळखीच्या शब्दास लागलेली शेपटी आहे, एवढे कळले तरी मुलाची त्याविषयीची भीती ओसरते.

६. क्रम व तासिकेचे नियोजन

पत्त्यांचा पहिला संच वर्णमालेच्या क्रमाने नव्हे, तर शब्द घडविण्याच्या सोयीने निवडावा. क, म, र, न, प, त, स, ळ ही आठ व्यंजने आणि काना, दुसरी वेलांटी, मात्रा ही तीन चिन्हे घेतली तरी मुलाच्या बोलण्यातील पुष्कळ शब्द तयार होतात. स्वरचिन्हे पहिल्या आठवड्यापासूनच घ्यावीत. ती उशिरा घेतली की काना-मात्रा नसलेल्या शब्दांची ओढूनताणून रचलेली वाक्ये वाचावी लागतात, आणि वाचन म्हणजे अर्थहीन उच्चार अशी मुलाची समजूत होते. घ–ध, भ–म, ब–व, थ–य, ष–प अशी दिसण्यात जवळची अक्षरे एकाच वेळी शिकवू नयेत. एक पक्के झाल्यावर दुसरे घ्यावे व मग दोहोंची तुलना करावी.

रोज २५ मिनिटांची तासिका तीन ते चार मुलांच्या गटासाठी पुरेशी आहे. पहिली ५ मिनिटे तोंडी ध्वनिखेळ, पुढील १० मिनिटे पत्त्यांनी शब्द घडविणे, ५ मिनिटे घडविलेले शब्द पाटीवर लिहिणे आणि शेवटची ५ मिनिटे त्याच शब्दांची वाक्ये वाचणे, असे नियोजन करता येईल. शेवटचे दोन टप्पे वगळू नयेत. जो शब्द केवळ पत्त्यांत राहिला, लिहिला वा वाक्यात वाचला गेला नाही, तो खेळ संपताच विसरला जातो. वाक्ये मुलांनीच सांगावीत व शिक्षकाने लिहून घ्यावीत. आपलेच बोलणे लिखित रूपात वाचावयास मिळाले की मुलास वाचनाचे प्रयोजन कळते.

७. मूल्यमापन

आरंभी प्रत्येक मुलाची स्वतंत्रपणे तोंडी चाचणी घ्यावी. २००५ पासून ग्रामीण भारतात घेतल्या जाणाऱ्या 'असर' पाहणीत अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद व गोष्ट अशा पायऱ्यांची साधी चाचणी वापरली जाते. तिच्या धर्तीवर मुलाची पायरी ठरविता येईल. मात्र 'शब्द' या पायरीवर अडलेल्या मुलाबाबत आणखी बारकाईने पाहावे : कोणते चिन्ह चुकते, पहिली वेलांटी की उकार? शब्दाचा आरंभ बरोबर वाचून शेवट चुकतो काय? यासाठी आडव्या ओळीत स्वरचिन्हे व उभ्या ओळीत व्यंजने असा एका पानाचा तक्ता पुरतो. दर पंधरा दिवसांनी न शिकविलेले दहा शब्द वाचावयास द्यावेत आणि त्यांत 'मेपा', 'नूस' यांसारखे दोन निरर्थक शब्द मिसळावेत. निरर्थक शब्द पाठ असू शकत नाही. तो वाचता आला तर मूल जोडणीने वाचू लागले, असे खात्रीने म्हणता येते. ही चाचणी गुण देण्यासाठी नसून उद्याच्या तासिकेत कोणते पत्ते काढावयाचे, हे ठरविण्यासाठी आहे.

८. मर्यादा

या उपक्रमांकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नयेत. शब्दनिर्मिती ही वाचनाची एक पायरी आहे. गोष्टी ऐकणे, पुस्तके हाताळणे व त्यांवर बोलणे यांची जागा ती घेऊ शकत नाही. ज्या घरांत छापील शब्द नाही, तेथील मुलास तर रोज कोणीतरी गोष्ट वाचून दाखविणे अधिकच आवश्यक आहे.

दुसरे, मुलाची घरची बोली प्रमाण मराठीहून भिन्न असू शकते. वारली, कोरकू, गोंडी, भिल्ली, अहिराणी बोलणाऱ्या मुलांनी पत्त्यांतून आपल्या बोलीतील शब्द घडविला तर तो शब्दच आहे, निरर्थक जोडणी नव्हे. त्याचा अर्थ विचारून तो फळ्यावर मानाने लिहावा. 'ळ' व 'ण' यांचे उच्चार बोलीनुसार बदलतात. उच्चाराच्या भेदाला वाचनाचा दोष समजू नये.

तिसरे, काही मुलांना दृष्टी वा श्रवणाची अडचण असते. तिची तपासणी सर्वांत आधी व्हावी. नियमित व पुरेशा सरावानंतरही प्रगती दिसत नसेल तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची शक्यता लक्षात घेऊन तज्ज्ञांकडून चाचणी करून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या अक्षमतेचा समावेश आहे. शिक्षकाने स्वतः निदान करून मुलावर शिक्का मारणे हे अज्ञानाइतकेच घातक आहे.

९. महाविद्यालयांचा वाटा

हा विषय प्राथमिक शिक्षकांचा, त्याच्याशी वरिष्ठ महाविद्यालयाचा संबंध काय, अशी शंका येऊ शकते. परंतु पदवीच्या वर्गात उत्तरपत्रिका वाचणाऱ्या प्राध्यापकास मार्गदर्शिकेतील परिच्छेद जसाच्या तसा उतरविणारे विद्यार्थी भेटतातच. त्यांतील काहींच्या घोकंपट्टीचे मूळ तिसरीतल्या त्या पाठ केलेल्या धड्यात असू शकते, हा विचार आपण क्वचितच करतो.

महाविद्यालयास तीन गोष्टी सहज करता येतील. मराठी विभागाने परिसरातील बोली लक्षात घेऊन श्रेणीबद्ध शब्दयाद्या तयार कराव्यात. कोणत्या पत्त्यांतून कोणते शब्द होतात, हे शोधणे भाषेच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम स्वाध्याय आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात स्वयंसेवकांनी दत्तक गावातील शाळेसाठी पत्त्यांचे संच तयार करावेत व ते वापरून दाखवावेत. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी सराव पाठांच्या काळात छात्राध्यापकांस सबंध वर्गापुढील पाठाबरोबरच वाचनात अडलेल्या एका मुलासोबत काही आठवडे काम करण्याची व त्याची नोंद ठेवण्याची संधी द्यावी. चाळीस मुलांपुढे केलेल्या पाठापेक्षा एका अडलेल्या मुलाशेजारी बसून भावी शिक्षक अधिक शिकतो. अशा नोंदी एकत्र झाल्यास मराठी प्रारंभिक वाचनाविषयीच्या संशोधनास स्थानिक व विश्वसनीय आधार मिळेल.

१०. समारोप

वाचनात मागे राहिलेल्या मुलास अधिक पाठांतर देणे म्हणजे ज्या आधाराने तो आपले न वाचणे लपवितो तोच आधार बळकट करणे होय. त्यास हवे असते ते लिपीचे तत्त्व, डोळ्यांना दिसेल व बोटांना जाणवेल अशा रूपात. देवनागरीत हे तत्त्व व्यंजन व स्वरचिन्ह यांच्या जोडणीत आहे, आणि ती जोडणी दाखविण्यासाठी जुनी लग्नपत्रिका, प्लास्टिकचा तुकडा व मूठभर चिंचोके पुरेसे आहेत. खर्च आहे तो शिक्षकाच्या वेळेचा आणि धीराचा. धड्याच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले असता ते मूल आरंभाकडे न धावता त्या शब्दाकडे पाहील, एकेक चिन्ह जोडील आणि तो शब्द उच्चारील, त्या दिवशी या खर्चाची भरपाई झाली असे समजण्यास हरकत नाही.